तांबीचा दोरा

परवा मावशीशी फोनवर गप्पा मारताना तिच्या तांबीचा विषय निघाला. १९८० च्या आसपास बसवली होती तिने. नंतर दोन महिने ओटीपोटात दुखत होतं, अंगात कणकण असायची. आजी म्हणायची, "होईल गं सवय." शेवटी मावशी हट्टाने ती काढून आली आणि दुखणं थांबलं. पण कशामुळे दुखत होतं, ते तिला कुणीच सांगितलं नाही.

मला डाल्कन शील्डची गोष्ट आठवली. ए. एच. रॉबिन्स या अमेरिकन कंपनीने १९७१ मध्ये ते विकायला आणलं. तांबीसारखंच गर्भाशयात बसवायचं, पण आकार पाय फुटलेल्या किड्यासारखा. ओढून काढायला जोर लागायचा, म्हणून दोरा मजबूत केला. इतर साधनांना एकच सबंध तंतू असे, इथे शेकडो बारीक तंतूंची जुडी आणि वर नायलॉनचं आवरण. खालचं टोक कापलेलं, म्हणजे उघडंच!

समईत वात घालणाऱ्या कुणालाही पुढचं कळेल. वात तेल वर ओढते, तसा हा दोरा योनीतले जंतू घेऊन वर गर्भाशयात जायचा. मग ताप, ओटीपोटात कळा, काहींच्या बीजनलिका कायमच्या बंद. दिवस गेलेल्या काही जणी तर दगावल्या.

१९७४ मध्ये अमेरिकेतली विक्री थांबली. १९७५ मध्ये हॉवर्ड टेटम यांनी दोऱ्यातले जंतू दाखवून दिले. (तांबीचा 'टी' आकारही त्यांचाच, बरं का.) तरीही कोर्टात कंपनीचे वकील बायकांनाच विचारत होते, किती पुरुषांशी संबंध होते, स्वच्छता कशी ठेवता. 'ते काढून घ्या, खर्च आम्ही देऊ' हे सांगायला कंपनीला १९८४ उजाडलं. पुढच्याच वर्षी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

पण कारण त्याआधीच सापडलं होतं, तेही कारखान्यातच. १९७१ मध्येच दर्जा तपासणाऱ्या एका माणसाने दोऱ्याचं टोक पाण्यात बुडवून ठेवलं आणि नंतर पाण्याबाहेरच्या भागातून पाणी पिळून काढलं. एवढाच प्रयोग. त्याने तो वरिष्ठांना कळवलाही.

मावशीच्या तांबीचा दोरा साधा होता, तिचं कारण काही वेगळंच असणार. पण हे सगळं ऐकून तिने विचारलं, "मग त्याचे साहेब काय म्हणाले?"

म्हटलं, "दोरा तुझ्या कामात येत नाही म्हणाले."