टवका, चीक आणि राळ

चिनी मातीच्या सिंकमध्ये जड पातेले निसटते आणि रुपयाएवढा टवका उडतो. चकचकीत पांढऱ्या थराखालची खरखरीत माती दिसू लागते. हा टवका भरून काढता येईल का? या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. तो आपण पाहू.

असे सिंक म्हणजे भाजलेली माती आणि तिच्यावर वितळून बसलेला काचेचा पातळ थर. हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापलेल्या भट्टीत ही दोन्ही एकजीव होतात. काच पाणी शोषत नाही. खालची माती मात्र थोडेफार शोषते. म्हणून उघड्या टवक्यात पाणी आणि तेल मुरते, डाग धरतो. मग सिंक पुन्हा भट्टीत का घालू नये? मुरलेल्या पाण्याची वाफ झाली किंवा सर्व भाग सारखे तापले नाहीत, तर त्याला तडा जाईल. म्हणजे जी वस्तू आगीने घडली, तिची दुरुस्ती आगीवाचूनच करावी लागते.

हा पेच जुनाच आहे. चिनी कारागीर फुटक्या भांड्याला बारीक भोके पाडून धातूच्या आकड्यांनी तुकडे सांधत. पण आकड्यांनी खड्डा भरत नाही. जपानी कारागिरांनी उरुशी झाडाच्या चिकात मातीची पूड मळून तोही भरला. हा चीक नुसता वाळत नाही. दमट हवेत ऑक्सिजनशी संयोग पावून तो कडक होतो. हे काम चिकातलेच एक विकर करते, असे हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ मध्ये दाखवले.

विसाव्या शतकातले उत्तर आले दंतवैद्यकाच्या वाटेने. स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्तां दंतवैद्यकासाठी नवे पदार्थ शोधत होते. १९३८ मध्ये त्यांनी इपॉक्सी राळेच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे सीबा कंपनीने हक्क घेतले आणि १९४६ मध्ये ॲरल्डाइट लोकांसमोर आले. राळ आणि हार्डनर मिसळले की त्यांचे रेणू जाळ्यासारखे गुंफले जातात. भट्टी लागत नाही आणि भरलेला भाग फारसा आकसतही नाही.

सिंकच्या टवक्यात आज पांढरा रंग मिसळलेली हीच राळ भरतात. त्याआधी जागा स्वच्छ आणि पूर्ण कोरडी हवी. ओल राहिली तर पकड बसत नाही. तरीही ही काच नव्हे. घासणीने तिच्यावर चरे पडतात, गरम तव्याने ती मऊ होते.

वर्गात भिंतीच्या फरशीचा तुकडा आणावा. तिच्या चकचकीत बाजूवर आणि पाठीवर पाण्याचा एकेक थेंब टाकावा. कोणता थेंब आधी नाहीसा होतो, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे.