तीस वर्षांचा अंदाज

वरसाव्याच्या पुलावर गाडी अडकली की माझे लक्ष खाली खाडीकडे जाते. घोडबंदरचा रस्ता इथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो, त्यामुळे अडकणे नेहमीचेच. पुलाच्या अलीकडे साष्टी, पलीकडे वसई. गुजरातेतून आलेला ट्रकवाला इथे चहा पितो आणि खिशातली नोट काढून देतो. ती चालेल का, हा प्रश्न त्याच्या मनातही येत नाही.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी तो आला असता. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि वसई मराठ्यांकडे परत आली. पेशवाईच्या अखेरीपर्यंत ही खाडी दोन राज्यांची सरहद्द होती. त्या काळी रुपयाही एक नव्हता. अंकुशी, चांदवडी, सुरती असे कितीतरी रुपये बाजारात फिरत. सराफ ते पारखून घेई आणि बट्टा कापूनच बदलून देई.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने कायदा करून १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आणला. व्यापाऱ्याची मोठी सोय झाली. परंतु श्रोतेहो, नाणे एक झाले म्हणून हंगाम एक होत नाही. आपल्या पूर्वजांना हा धडा कसा मिळाला, ते आज सांगायचे आहे.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा इंदापूर तालुका घ्या. जमीन कोरडी, पाऊस बेभरवशाचा. कंपनीच्या जमीनमोजणीची नवी पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास याच तालुक्यात बसवली. सारा हलका ठरला आणि तो तीस वर्षे बदलायचा नाही, असे ठरले. ओसाड जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या.

ती तीस वर्षे भरली नेमकी भलत्या वेळी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. कापसाच्या मोबदल्यात चांदीचा पूर आला. मुंबईत शेअरांचा सट्टा माजला. रुपया सगळीकडे एकच, त्यामुळे मुंबईत आलेल्या पैशाने दख्खनच्या बाजारातले भावही चढले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. धान्याचे भाव मात्र आणखी काही वर्षे चढेच राहिले.

१८६७ मध्ये इंदापूरची फेरआकारणी झाली, ती हे भाव समोर ठेवून. शिवाय १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत पोहोचली होती. भाव वाढले, आगगाडी आली, तेव्हा भरभराट होतच राहणार, असा हिशेब झाला. सारा निम्म्याहून अधिक वाढला, आणि तोही पुढच्या तीस वर्षांसाठी. शेजारच्या तालुक्यांतही हाच क्रम चालू झाला.

आज आपण ज्याला आर्थिक वाढीचा अंदाज म्हणतो, तोच हा होता. फरक एवढाच, की हा अंदाज कागदावर न राहता थेट वसुलीत उतरला. मुंबईच्या तेजीत इंदापूरच्या ज्वारीवाल्याला किती मिळाले, हे कोणी नीट पाहिले नाही. १८७० नंतर भाव उतरले, सारा उतरला नाही. हप्ता रोख रुपयांत द्यायचा, म्हणून शेतकरी सावकाराच्या दारात गेला.

१८७० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने या सारावाढीविरुद्ध आवाज उठवला. १८७४ मध्ये सरकारनेच वाढीला मर्यादा घातली : तालुक्याला ३३ टक्के, एका गावाला ६६ आणि एका खातेदाराला १०० टक्के. तोवर उशीर झाला होता. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, आणि मग पुणे व नगर जिल्ह्यांत गावोगाव कर्जरोखे जाळले गेले. चौकशी आयोगाने मुख्य दोष सावकारी कर्जाला दिला. आयोगाचेच एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र सारावाढीवर बोट ठेवले. सावकाराचा जाच खोटा नव्हता. पण शेतकऱ्याला त्याच्या दारात लोटणाऱ्यांत चुकलेला अंदाजही होता, असे मला वाटते.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. १९९९ मध्ये युरोपातल्या ११ देशांनी युरो हे एकच चलन स्वीकारले, २००१ मध्ये ग्रीस त्यात आला. २०१० मध्ये ग्रीस कर्जात बुडाला, तेव्हा मदतीबरोबर काटकसर लादली गेली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा हिशेब होता, की २००९ ते २०१२ या काळात ग्रीसचे उत्पन्न साडेपाच टक्क्यांनी घटेल. प्रत्यक्षात ते १७ टक्क्यांनी घटले. २०१३ मध्ये नाणेनिधीने स्वतःच हे मान्य केले. दरम्यान २०११ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने सगळ्या युरो देशांसाठी मिळून दोनदा व्याजदर वाढवले आणि वर्ष संपण्यापूर्वी दोनदा कमी केले. ग्रीसला स्वतःचे नाणे असते, तर त्याचा भाव उतरून काही धक्का तिथे जिरला असता. चलन सामाईक असले की तो धक्का माणसाच्या रोजगारावर बसतो.

आपला रुपयाही मुंबईला आणि गडचिरोलीला एकच. व्याजाचा दरही एकच. आपल्याकडे केंद्राची तिजोरी सामाईक आहे, वित्त आयोग राज्यांना वाटा ठरवून देतो, हा युरोपपेक्षा मोठा आधार. तरीही सरासरीच्या आकड्याने पोट भरत नाही.

म्हणून मला आपली जुनी आणेवारी आठवते. सोळा आणे म्हणजे पुरे पीक. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. तिच्यातही चुका होतात, गावकऱ्यांच्या तक्रारी असतात. पण ती गावागणिक काढतात. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, आणि पीक हाती आल्यावर अंतिम. अंदाज चुकणारच, हे तिने आधीच मान्य केले आहे. इंदापूरच्या त्या तीस वर्षांच्या हिशेबात दुरुस्तीला अशी जागाच ठेवली नव्हती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)