मोटारीच्या तारांतला इतिहास

इतिहास म्हटला की तह, सनदा आणि किल्ले आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. पण यंत्रांनाही इतिहास असतो, आणि जुन्या मोटारीचे वायरिंग हे त्याचे एक दफ्तरच आहे, असे आम्हांस वाटते.

होटगी जंक्शनापासून विजापूरचा फाटा फुटतो. तेथून हाकेच्या अंतरावरील सोलापुरात १८८२ साली वालचंद हिराचंद जन्मले. मोटार हिंदुस्थानातच तयार व्हावी या हट्टातून १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी राहिली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. पुढे फियाटशी करार झाला. १९६४ सालची 'डिलाइट' १९७२ साली 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने घरोघर पोहोचली. नव्या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले.

आज ज्याच्या दारात अशी गाडी उभी आहे, त्याच्यापुढे प्रश्न येतो तो वायरिंगचा. प्रारंभीच्या मोटारींत तारेवर रबर आणि त्यावर सुती वेणी असे, पुढे पी.व्ही.सी.चे आवरण आले. सोलापूरच्या उन्हात हे आवरण कालांतराने तडकते. जुन्या गाड्यांत फ्यूज मोजकेच असत. म्हणून उघड्या पडलेल्या तारेचा पत्र्याला स्पर्श झाला, तर आगीचे भय असते.

मग नवा संच निवडावा कसा? प्रथम गाडीचे साल पाहावे. डायनामो आहे की अल्टरनेटर, हे पाहावे; कारण दोहोंची जोडणी निराळी. इटलीत सुकाणू डाव्या हातास, आपल्याकडे उजव्या. तेव्हा तेथून मागविलेला संच येथे लांबीने जमेलच असे नाही. तारेची जाडी वीजप्रवाहावरून ठरते. १२ व्होल्टच्या गाडीत ४५ वॅटचे दोन दिवे साडेसात अँपिअर ओढतात. त्यांच्या जागी ६० वॅटचे हॅलोजन बसविले, तर दहा. जुन्याच मापाची बारीक तार घेऊन नवे दिवे लावणे म्हणजे सुतळीने बैल बांधणे होय!

तयार संच न मिळाल्यास जुन्यावरून नवा बांधून घ्यावा. जुना काढताना प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी, फाटे कोठे फुटतात ते मोजावे, रंग लिहून ठेवावेत. पुढे तो भंगारात मात्र टाकू नये. आधीच्या मालकाने हॉर्नसाठी जोडलेली तार, कारागिराने मारलेली गाठ, हे सारे त्या जुडीत नोंदलेले असते.

गाडी चालली पाहिजे, म्हणून तारा नव्या हव्यात. ती कोणत्या काळाची हे कळले पाहिजे, म्हणून मांडणी जुनी हवी. आमच्या मते सुरक्षिततेपुढे अस्सलपणाने नमते घ्यावे. पण काय बदलले याची नोंद गाडीच्या कागदांत ठेवावी. पुढच्या पिढीला ती नोंदच उपयोगी पडेल.