नावातला आकडा

अमेरिकेत सर्व्हर सांभाळताना मी रोज ज्या शिस्तीवर विसंबते, ती घडली १९९०च्या दशकात. त्याआधी १९८८मध्ये कॅलिफोर्नियाच्या सन मायक्रोसिस्टिम्सने सनओएस ४.० या कार्यप्रणालीत सामायिक लायब्ररी आणली होती. एकच प्रत, वापरणारे प्रोग्रॅम अनेक. डिस्कवरची जागा वाचली, मेमरीही वाचली. पण एकाच्या सोयीसाठी ती प्रत बदलली की बाकीचे प्रोग्रॅम कोलमडायची धास्ती आली.

इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मरडॉक याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियन या लिनक्स प्रणालीची घोषणा केली. या धास्तीवर उतारा म्हणून पुढे त्या प्रकल्पात रुळलेला नियम मला फार मोलाचा वाटतो. जेपीईजी चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीचं पॅकेज (एकत्र बसवायचा फायलींचा गठ्ठा) पाहा: ‘लिबजेपीईजी६२’. ६२ हा आकडा थेट पॅकेजच्या नावातच. जुन्या प्रोग्रॅमना न चालणारा बदल झाला की आकडा बदलतो, म्हणजे पॅकेजही वेगळं होतं आणि जुनं-नवं शेजारी शेजारी नांदतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना लागणाऱ्या हेडर फायली नावाच्या शेवटी ‘-डेव्ह’ असलेल्या वेगळ्या पॅकेजात जातात. नुसतं वापरणाऱ्याला त्यांचा भार नको.

या पद्धतीचा कस जुलै १९९८मध्ये, डेबियन २.०च्या वेळी लागला. जवळजवळ सगळ्या प्रोग्रॅमचा पाया असलेल्या सी लायब्ररीचा आकडा ५वरून ६वर गेला, तरी जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून पाचवीही सोबत ठेवली. नवं आणताना जुन्यावर विसंबलेल्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही, ही जबाबदारी डेबियनच्या पॅकेजकारांनी मनापासून निभावली. आमच्या पेशाने त्यांचं हे ऋण मानायलाच हवं.