नाशिकच्या घाटवाटा आणि फिरते घर

नाशिक जिल्ह्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या माथ्यावर असल्याने कोकणात उतरायचे तर घाट चुकत नाही. काय ओढायचे आणि कशाने ओढायचे, हे इथे शतकानुशतके चढानेच ठरवले. गाडीरस्ता होण्यापूर्वी थळ घाटातली, म्हणजे आजच्या कसारा घाटातली मालवाहतूक वंजारी-लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून होई. कोकणातले मीठ वर येई, देशावरचे धान्य खाली जाई. तांड्यात बायकामुलांसह सगळा संसार चाले आणि मुक्कामाला उतरवलेल्या गोण्यांचाच आडोसा होई.

देशावरच्या जुन्या गाड्यांची चाके दगडी किंवा भरीव लाकडी असत. 1830 च्या दशकात गेसफर्ड या सर्वेक्षण खात्यातील अधिकाऱ्याच्या पुढाकाराने सोलापूरकडच्या टेंभुर्णीला हलकी, दोन बैलांची गाडी बनू लागली. पुढे मुंबई-आग्रा रस्ता झाल्यावर घाटात गाड्यांची वर्दळ वाढली. 1865 मध्ये लोहमार्ग इगतपुरीपर्यंत पोचला, तो सुमारे 15 किलोमीटरमध्ये सुमारे 300 मीटर चढून. सर्वांत तीव्र ठिकाणी हा चढ 37 मीटरला 1 मीटर असा आहे. त्यासाठी आगगाडीला मागून जादा इंजिने लावतात, त्यांना बँकर म्हणतात. गाड्या आणि रेल्वे आल्यावर तांड्यांचा धंदा बसला आणि सिन्नर, निफाड, नांदगाव भागातले वंजारी शेतीत स्थिरावले.

माल रेल्वेने नेला तरी यात्रा बैलगाडीकडेच राहिली. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला कुटुंबे गाडीतूनच येत. बांबूच्या कामट्यांची कमान, तिच्यावर तट्ट्या किंवा ताडपत्री, साटीत कडबा आणि त्यावर गोधड्या. कडबा हाच बैलांचा चारा असल्यामुळे परतीच्या वाटेवर बिछाना पातळ होत जाई.

गाडी भरणे हे खरे कसब. ओझे आसाच्या मागे गेले की गाडी उलाळ होते: धुरा वर उचलली जाते आणि जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते. ओझे फार पुढे आले तर माना दबतात, आणि उतारावर तो भार आणखी वाढतो. म्हणून जाणता गाडीवान जड पोती आसावर घेई आणि जुवावर थोडासाच भार ठेवी. गावोगावच्या गाडीवानांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले हे ज्ञान आजच्या ट्रेलरलाही तंतोतंत लागू पडते.

रबरी टायर आल्यावर तीच गाडी ऊसवाहतुकीला जुंपली गेली. मालेगाव तालुक्यात 1933 मध्ये वालचंद हिराचंद यांनी रावळगावचा साखर उद्योग उभारला. पुढे सहकारी कारखानेही निघाले. ऊसतोड मजुरांसाठी टायरगाडी आणि नंतर ट्रॅक्टर-ट्रॉली हे हंगामापुरते संसार वाहून नेणारे वाहन झाले. फिरत्या घराची ही बाजू पर्यटनाच्या चर्चेत क्वचितच येते, आणि ती यायला हवी.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. एका आणि दोन आसांच्या कॅरॅव्हॅनबरोबर टेंट ट्रेलर, घडीची कॅरॅव्हॅन व कॅम्पर ट्रेलर यांचाही त्यात समावेश आहे. हायब्रिड ट्रेलर या प्रकारांच्या मधला: अंग टणक, काही भाग कापडी व उघडमिट होणारा, चाके खडबडीत रस्त्याला पुरी पडणारी. निवडताना आधी ओढणाऱ्या मोटारीची मान्य ओढक्षमता पाहायची आणि ट्रेलरचे वजन पाणी-सामानासह धरायचे. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडणीवर यावा. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर डोलू लागतो. जास्त झाला तर मोटारीची मागची बाजू दबते, पुढच्या चाकांची पकड सुटते, आणि कसाऱ्याच्या वळणांवर तेच सर्वांत धोक्याचे.