अर्थशास्त्र प्रवरेच्या कांठीं

१९३० च्या जूनमध्यें पुण्यास भारत सेवक समाजाच्या आवारांत गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. साताऱ्याचे वकील रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीवर ती उभी राहिली, आणि एकोणतीस वर्षांचे धनंजय रामचंद्र गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. केंब्रिज विद्यापीठासाठीं त्यांनीं लिहिलेला हिंदुस्थानच्या औद्योगिक वाढीवरील प्रबंध १९२४ सालींच ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला होता. अशा विद्वानास व्याख्यानें आणि ग्रंथालय यांतच सारा जन्म सुखानें घालवितां आला असता. पुष्कळांनीं तो तसा घालविलाहि. परंतु वीस वर्षांनीं, १९५० सालच्या अखेरीस, हेच गृहस्थ नगर जिल्ह्यांतील लोणी या गांवीं शेतकऱ्यांनीं आपल्या मालकीनें उभारलेल्या साखर कारखान्याचे अध्यक्ष होते. पुण्याच्या अभ्यासिकेपासून लोणीच्या गव्हाणीपर्यंतची ही वाट कशी पडली, हें पाहण्यासारखें आहे.

खेड्याचा शास्त्रीय अभ्यास महाराष्ट्राला त्यापूर्वीं अगदींच अपरिचित होता असें नाहीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं सहस्रबुद्धे, कानिटकर, तम्हाणे आदि आपल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन पवनेच्या कांठच्या पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी केली व ती मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय ग्रंथमालेंत १९१७ सालीं प्रसिद्ध झाली. हें गांव आतां पिंपरी-चिंचवड शहरांत पार विरून गेलें आहे. तेथें आतां शेताचा बांध शोधूं जाणें व्यर्थ. मॅनसाहेबांनीं मात्र त्याचा एकेक बांध मोजविला. १७७१ सालीं तेथें एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१४-१५ सालीं ती ७ एकरांवर आली होती. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरली होती, आणि त्यांपैकीं ४६३ तुकडे एक एकराहूनहि लहान होते. आंकडे एवढे बोलके होते कीं, पुढें जमिनीच्या तुकड्यांचा प्रश्न निघाला म्हणजे पिंपळे सौदागरचें नांव निघाल्यावांचून राहत नसे.

पण त्या अभ्यासाचा गांवाला उपयोग काय झाला? मुंबई सरकारनें १९२७ सालीं लहान शेतांसंबंधीं एक विधेयक कायदेमंडळांत आणलें. तुकडे एकत्र करावे व पुन्हां पडूं देऊं नयेत, हा हेतु कागदावर निर्दोष होता. परंतु ज्यांचे तुकडे एकत्र व्हावयाचे त्यांना त्यांत जमीन हातची जाण्याचें भय दिसलें. ठिकठिकाणीं विरोध झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनींहि कायदेमंडळांत त्यावर टीका केली, आणि तें विधेयक बारगळलें. तुकडेबंदीचा कायदा होण्यास १९४७ साल उजाडावें लागलें. मॅन यांच्या मोजणींत खोट नव्हती. शेतकऱ्याकडून माहिती घेतली गेली होती. उपाय ठरवितांना मात्र त्याला कोणी विचारलें नव्हतें.

गाडगिळांच्या संस्थेचें प्रारंभींचें कामहि मोजणीचेंच होतें, आणि विषय पाहिले तर पंडितांना किरकोळ वाटावेत असे. पुण्याच्या बाजारांतील फळांच्या खरेदी-विक्रीची पाहणी १९३३ सालीं निघाली. पुढें मोटार-बस वाहतुकीची निघाली. वाई तालुक्यांतील शेतीच्या जमाखर्चाची १९४० सालीं प्रसिद्ध झाली. डाळिंबाची करंडी बागेंतून निघून गिऱ्हाइकाच्या घरीं पोंचेपर्यंत तिच्यावर अडत, हमाली, भाडें, तूट यांचे किती थर चढतात, हें रुपये-आणे-पैत सांगावयाचें म्हणजे अडत्याच्या पेढीवर आणि बागाइताच्या बांधावर दोन्हीकडे बसावें लागतें. शेतकरी चोपडी ठेवीत नाहीं. त्याचा हिशेब त्याच्या डोक्यांत, त्याच्या बायकोच्या आठवणींत आणि सावकाराच्या वहींत असा तिहीं ठिकाणीं वांटलेला असतो. तो गोळा करणाऱ्या पदवीधराला गांवकऱ्यांशीं बोलावयास शिकावें लागतें, आणि हें शिक्षण कोणत्याहि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत नेमलेलें नव्हतें.

या पाहण्यांपैकीं गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी आपल्या कथेशीं सर्वांत निकट आहे. दख्खनच्या दुष्काळी पट्ट्यांत सरकारनें कालवे काढले ते मुख्यतः दुष्काळाच्या निवारणासाठीं. प्रवरेवरचें भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. पाणी आलें, परंतु पाणीपट्टीच्या रूपानें तिजोरींत किती भर पडली एवढ्यावरूनच कालवा नफ्यांत कीं तोट्यांत तें ठरविण्याची सरकारी रीत होती. तसें पाहतां दख्खनचे कालवे सदा तोट्यांतच दिसत. गाडगिळांनीं हिशेबाची चौकट मोठी केली. पाण्यानें पीक किती वाढलें, मजुरीला काम किती मिळालें, बाजारपेठा कशा वाढल्या, अशा प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांचा हिशेब त्यांच्या संस्थेनें मांडला. तो १९४८ सालीं ग्रंथरूपानें बाहेर पडला. या निमित्तानें प्रवरा-गोदावरीचा बागाइती मुलूख गाडगिळांना नुसता नकाशावरून नव्हे, तर तेथल्या माणसांवरून ठाऊक झाला.

त्या मुलखाचें दुखणें असें होतें. पाटाच्या पाण्यावर ऊंस उत्तम येई, पण उंसाचा गूळ करावा लागे, आणि गुळाचा भाव शेतकऱ्याच्या हातीं नव्हता. १९३० नंतरच्या मंदींत भाव कोसळले. लागवडीसाठीं, पेंडीसाठीं, पाणीपट्टीसाठीं काढलेलें कर्ज मात्र कोसळलें नाहीं. ढेपा विकून आलेले पैसे अडत्याच्या वहींतच वळते होत. इतक्यांत १९३२ सालीं परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली व देशांत साखरेचे कारखाने भराभर निघाले. प्रवरा कालव्यावर हरेगांवचा बेलापूर कंपनीचा कारखाना त्यापूर्वींच होता. या कंपन्या ऊंस विकत घेण्यापेक्षां पाटाखालची जमीनच खंडानें घेऊन स्वतः ऊंस लावणें पसंत करीत. म्हणजे जमीन शेतकऱ्याची, पाणी सरकारचें आणि साखर कंपनीची. खुद्द जमीनमालक खंडाच्या चार पैशांवर हात बांधून बसलेला. सासवडच्या माळी मंडळींनीं त्याच सुमारास सोलापूर जिल्ह्यांत माळीनगरला आपला स्वतःचा कारखाना काढून दाखविला, हें खरें. परंतु ती भागीदारांची कंपनी होती. लहान खातेदाराला तींत फारसा ठाव नव्हता.

१९४५ सालीं दख्खन कालव्यांवरील बागाइतदारांची परिषद बेलापूर रोड येथें, म्हणजे आजच्या श्रीरामपुरास, भरली. तिचें अध्यक्षस्थान गाडगिळांना देण्यांत आलें. त्याच सुमारास शेतीच्या कर्जपुरवठ्याविषयीं सरकारनें नेमलेल्या समितीचेहि ते अध्यक्ष होते. सरकारला सल्ला देणाऱ्या विद्वानाला शेतकऱ्यांनीं आपल्या मेळाव्याचा अध्यक्ष करावें, आणि त्यानेंहि तें मान्य करावें, ही गोष्ट त्या काळीं नित्याची नव्हती. साखर कारखाना शेतकऱ्यांनीं सहकारी तत्त्वावर काढावा, हा विचार तेथें बळावला.

विचार बळावला, तरी कारखाना उभा राहत नाहीं. तो उभा राहिला लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांच्या पायपिटीनें. शाळा थोडकीच शिकलेले हे गृहस्थ १९२३ सालापासून गांवांत सहकारी पतपेढी चालवीत होते. कर्ज घेतलें तर तें फेडावें लागतें, आणि आपलेच पैसे आपल्यालाच फिरवितां येतात, हे दोन धडे त्यांनीं गांवाला वीस-बावीस वर्षें गिरवावयास लावले होते. आतां ते गांवोगांव हिंडूं लागले. डोळ्यांनीं न पाहिलेल्या कारखान्यासाठीं पदरचे पैसे मागावयाचे, तेहि सावकाराला भिणाऱ्या माणसांकडे! कारखाना निघालाच तर जमिनी सरकारजमा होतील, पैसे पुण्या-मुंबईचे लोक खाऊन टाकतील, अशा शंका निघणें साहजिक होतें. विखे पाटलांना अर्थशास्त्र येत नव्हतें, पण कोणाच्या वाड्यावर कोणत्या वेळीं जावें आणि कोणापुढें कोणाचें नांव काढावें, हें ठाऊक होतें. गाडगिळांजवळ नेमकी हीच विद्या नव्हती. उलट, भांडवलाचा तक्ता, सरकारी परवाना, यंत्रसामुग्रीचा करार, मुंबईच्या दफ्तरांतली भाषा, हें सारें गाडगिळांच्या हातचें होतें. शेतकऱ्यांच्या शब्दाला सरकारदरबारीं वजन नव्हतें आणि प्राध्यापकाच्या शब्दाला शिवारांत नव्हतें. दोघांनीं एकमेकांची उणीव भरून काढली. मुंबई राज्याचे अर्थ व सहकारमंत्री वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा मिळाला, सरकारनें भाग घेतले, आणि नव्यानेंच निघालेल्या औद्योगिक वित्त महामंडळानें कर्ज दिलें. १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरानगरला पहिला गळीत झाला.

या कारखान्याला आशिया खंडांतील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणण्याची चाल पडली आहे. ती सोडून द्यावी हें बरें. आंध्रांत एटिकोप्पाका येथें १९३३ सालींच अशी सहकारी संस्था निघाली होती. प्रवरेचें महत्त्व पहिलेपणांत नाहीं. ती टिकली, आणि तिचा कित्ता गिरवितां आला, यांत आहे.

अध्यक्षपद गाडगिळांनीं शोभेपुरतें घेतलें नाहीं. आरंभींच्या वर्षांत कारखान्याची घडी त्यांच्या देखरेखीखालीं बसली. सभासदाला भाग कितीहि असोत, मत एकच. त्याचा ऊंस कारखान्यानें घ्यावयाचा आणि त्यानें तो कारखान्यालाच द्यावयाचा. तोडलेला ऊंस पडून राहिला तर त्यांतली साखर उतरते, म्हणून कोणाचा ऊंस कोणत्या दिवशीं तोडावयाचा याचा क्रम ठरलेला असावा लागतो. आणि वशिल्याचा पहिला शिरकाव होतो तो या क्रमांतच, हें अनुभवी माणसास सांगावयास नको. सहकारी कारखान्यांत उंसाच्या भावांतून टनामागें कांहीं रक्कम ठेव म्हणून कापण्याची रीत रुळली, तिनें कर्ज फिटत गेलें. जो शेतकरी काल अडत्याच्या वहींत निव्वळ देणेकरी होता, तो आतां वार्षिक सभेंत ताळेबंदावर प्रश्न विचारूं लागला. पाहणीच्या वेळीं प्रश्न विचारणारा पुण्याचा माणूस होता व उत्तर देणारा शेतकरी. येथें ती बाजू पालटली.

या अनुभवाचा उपयोग पुढें देशालाहि झाला. रिझर्व्ह बँकेनें करविलेल्या अखिल भारतीय ग्रामीण कर्ज पाहणीच्या समितींत गाडगीळ एक सभासद होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेडीं १९५१-५२ सालीं तपासून समितीनें १९५४ सालीं दाखवून दिलें कीं, शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकीं सहकारी संस्थांचा वांटा अवघा ३ टक्क्यांच्या घरांत होता. सहकाराची पहिली पन्नास वर्षें एका वाक्यांत निकालांत निघालीं. समितीनें त्यावर सरकारनेंहि सहकारी संस्थांत भागीदार व्हावें असें सुचविलें. प्रवरेला तें आधींच घडलें होतें. १९६१ सालीं पंडित नेहरू प्रवरानगर पाहून गेले, त्याच वर्षीं विखे पाटलांना पद्मश्री मिळाली. गाडगीळ पुढें पुणें विद्यापीठाचे कुलगुरु व १९६७ पासून नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, आणि १९७१ च्या मेमध्यें दिल्लीचें काम सोडून परत येत असतां प्रवासांत वारले.

त्यानंतर महाराष्ट्रांत शंभरावर सहकारी कारखाने निघाले. त्यांबरोबर शाळा, कॉलेजें, दवाखाने आले, आणि राजकारणहि आलें. कांहीं कारखाने कर्जांत बुडून खाजगी मालकांना विकले गेले; ज्या सावकारीच्या भयानें शेतकरी एकत्र आले होते, तीच दुसऱ्या दारानें आंत शिरली. पाटाचें पाणी उंसाभोंवतींच खिळून राहिलें, हा दोषहि गाडगिळांच्या हिशेबाच्या चौकटींत आज नव्यानें मांडावा लागेल.

आणि एक वर्ग या भागीदारींत कधींच आला नाहीं. ऊंस तोडणारे लोक बीडहून आणि नगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून दर हिवाळ्यांत येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. हंगामापूर्वीं मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि ती फिटेपर्यंत फडांत राबावयाचें. एखादा दिवस खाडा पडला तर दंड. या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची ओरड झाली तेव्हां २०१९ सालीं सरकारी समिती नेमण्यांत आली. बीड जिल्ह्यांतील सुमारें ८२,००० स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकीं १३,००० हून अधिक जणींवर अशी शस्त्रक्रिया झाल्याचें आढळलें. पिंपळे सौदागरच्या तुकड्यांप्रमाणें हेहि आंकडे आतां सर्वत्र सांगितले जातात. कारखान्याच्या सभासद-वहींत यांपैकीं बहुतेकींचें नांव नाहीं. उचलीचा हिशेब अद्याप मुकादमाच्या वहींत असतो.