सौर प्रारण-नियंत्रण

सौर प्रारण-नियंत्रण : पृथ्वीकडे येणाऱ्या सौर प्रारणाचा (तरंगरूपी ऊर्जेचा) अल्पसा अंश हेतुपुरस्सर अवकाशात परत पाठवून भूपृष्ठाचे तापमान उतरविण्याच्या योजनांना ही संज्ञा देतात. पृथ्वीवर येणाऱ्या सौर प्रारणापैकी सु. ३० टक्के भाग ढग, हिम, वाळवंटे व हवेतील सूक्ष्म कण यांच्यावरून नैसर्गिक रीत्याच परावर्तित होतो. येणाऱ्या प्रारणात दोन टक्क्यांहून थोडी कमी घट केली, तर वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाल्याने होणारी तापमानवाढ सरासरीने भरून निघते, असे गणिताने दिसते. या कल्पनेचे आकर्षण या सोप्या हिशेबात आहे आणि तिची मुख्य अडचणही त्यातच आहे. कार्बन डाय-ऑक्साइड भूपृष्ठाकडून निघणारे अवरक्त प्रारण रात्रंदिवस, सर्व ऋतूंत व ध्रुवप्रदेशांतही अडवितो. सूर्यप्रकाश मात्र केवळ दिवसा असतो आणि उष्ण कटिबंधात तो अधिक मिळतो. त्यामुळे दोन्ही परिणामांची बेरीज शून्य आली, तरी निरनिराळ्या प्रदेशांच्या वाट्याला येणारे जलवायुमान पूर्वीचे राहत नाही.

सुचविण्यात आलेले मार्ग अनेक आहेत. सूर्य व पृथ्वी यांच्या दरम्यान अवकाशात पडदा उभारणे (जेम्स अर्ली, १९८९), समुद्रावरील सखल ढगांत खाऱ्या पाण्याचे तुषार फवारून ते अधिक शुभ्र करणे (जॉन लेथम, १९९०), घरांची छपरे पांढरी करणे इ. त्यांपैकी होत. पहिला अतिशय खर्चिक आहे व शेवटच्याचा परिणाम शहरापुरता मर्यादित आहे. गंभीर अभ्यास झाला तो प्रामुख्याने स्थितांबरात (सु. १० ते ५० किमी. उंचीच्या थरात) गंधकयुक्त वायुकलिल पसरविण्याच्या योजनेचा. याचे कारण उघड आहे : हा प्रयोग निसर्गाने ज्वालामुखींच्या द्वारे अनेकदा करून दाखविला आहे.

ज्वालामुखींची साक्ष : आइसलँडमधील लाकी भेगेचा उद्रेक जून १७८३ मध्ये सुरू होऊन आठ महिने चालला. त्यातून सु. १२ कोटी टन सल्फर डाय-ऑक्साइड बाहेर पडला आणि पुढे आलेल्या दुष्काळात त्या बेटाची पाचव्या हिश्शाहून अधिक लोकसंख्या मृत्युमुखी पडली. त्या उन्हाळ्यात यूरोपवर पसरलेले कोरडे धुके पॅरिसमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँक्लिन यांनी पाहिले. बहिर्गोल भिंगाने एकवटलेल्या किरणांनी कागदही धड पेटत नाही, असे त्यांनी नोंदविले आणि पुढच्या कडक हिवाळ्याचा संबंध या धुक्याशी व कदाचित आइसलँडच्या ज्वालामुखीशी असावा, असा तर्क १७८४ मध्ये मांडला. त्याच काळात नाईल नदीचा पूर अत्यंत कमी आला. उत्तर भारतातील ‘चालिसा’ दुष्काळही (विक्रम संवत १८४०) याच वर्षांतला. संगणकीय प्रतिकृतींत लाकीच्या उद्रेकामुळे आफ्रिकेतील व भारतातील मॉन्सून दुर्बल झालेला दिसतो. तथापि त्या वर्षांत एल् निन्योचाही प्रभाव असल्याचे मानतात. त्यामुळे चालिसाचा दोष एकट्या लाकीवर टाकता येत नाही.

इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा एप्रिल १८१५ मधील उद्रेक याहून प्रसिद्ध आहे. १८१६ हे वर्ष यूरोप व ईशान्य अमेरिकेत ‘उन्हाळा नसलेले वर्ष’ म्हणून ओळखले जाते. न्यू इंग्लंडमध्ये त्या वर्षी जूनमध्ये हिमवर्षाव झाला. भारतात त्या वर्षी मॉन्सून विस्कळीत झाला व १८१७ मध्ये बंगालमध्ये पटकीची मोठी साथ उसळली. पेंढाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेत बुंदेलखंडात तळ देऊन असलेल्या गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जच्या सैन्यात ही साथ नोव्हेंबर १८१७ मध्ये शिरली व तिने मोठी प्राणहानी केली. ही मोहीम तिसऱ्या इंग्रज-मराठे युद्धाशी जोडलेली असल्याने मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकास हा प्रसंग परिचित आहे. मात्र साथ व तांबोरा यांचा कार्यकारणसंबंध हा अद्याप तर्कच आहे.

क्रॅकाटोआच्या १८८३ मधील उद्रेकानंतर जगभर दिसलेल्या तांबड्या संधिप्रकाशाच्या नोंदी लंडनच्या रॉयल सोसायटीने एकत्र करून १८८८ मध्ये प्रसिद्ध केल्या. अमेरिकन वातावरणविज्ञ डब्ल्यू. जे. हंफ्रीज यांनी १९१३ मध्ये ज्वालामुखींची धूळ व जलवायुमानातील बदल यांचा संबंध पद्धतशीरपणे मांडला. तथापि थंडावा आणणारा घटक राख नव्हे, हे समजण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले. क्रिस्टिअन युंगे यांनी १९६० च्या सुमारास फुग्यांच्या साहाय्याने घेतलेल्या नमुन्यांत सु. २० किमी. उंचीवर सल्फेट कणांचा थर आढळला. राख काही आठवड्यांतच खाली बसते. सल्फर डाय-ऑक्साइडपासून मात्र सल्फ्यूरिक अम्लाचे सूक्ष्म थेंब बनतात. स्थितांबरात पाऊस नसल्याने ते एक-दोन वर्षे तेथे टिकतात व सूर्यप्रकाश परतवितात. खालच्या थरात तेच थेंब काही दिवसांत पावसाबरोबर धुऊन जातात.

कल्पनेचा उगम : कृत्रिम रीत्या प्रकाश परतविण्याचा विचार अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना १९६५ मध्ये सादर झालेल्या पर्यावरणविषयक अहवालात आढळतो. कार्बन डाय-ऑक्साइडच्या वाढीचा इशारा देऊन त्याने समुद्राच्या विस्तीर्ण पृष्ठावर परावर्तक कण पसरविण्याची शक्यता सुचविली आणि त्याचा वार्षिक खर्च सु. ५० कोटी डॉलर होईल, असा अंदाज केला. कोळसा व तेल यांचा वापर कमी करण्याचा पर्याय मात्र त्या विभागात चर्चिलेला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. रशियन जलवायुविज्ञ मिखाइल बुडिको यांनी १९७४ मध्ये विमानांच्या साहाय्याने स्थितांबरात गंधक जाळण्याची योजना मांडली. आजच्या सर्व योजनांचे मूळ तेथे आहे. ‘भू-अभियांत्रिकी’ ही संज्ञा इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९७७ मध्ये रूढ केली. परंतु त्यांच्या मनात कार्बन डाय-ऑक्साइड खोल समुद्रात सोडण्याचा उपाय होता.

पिनातूबोचा उद्रेक : फिलिपीन्समधील पिनातूबो ज्वालामुखीचा उद्रेक १५ जून १९९१ रोजी झाला, तेव्हा कृत्रिम उपग्रह सज्ज होते. सु. १·५ ते २ कोटी टन सल्फर डाय-ऑक्साइड स्थितांबरात पोहोचला. जेम्स हॅन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक सरासरी तापमान सु. ०·५° से.ने उतरेल, असे भाकीत उद्रेकानंतर काही महिन्यांतच प्रसिद्ध केले. १९९२ मध्ये ते बव्हंशी खरे ठरले व त्यानंतर दोन-तीन वर्षांत तापमान पूर्ववत झाले. जलवायुमानाच्या संगणकीय प्रतिकृतींवरील विश्वास वाढविणारी ही एक महत्त्वाची घटना होय.

परंतु पिनातूबोची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. ऑक्टोबर १९९१ ते सप्टेंबर १९९२ या वर्षात जगातील भूभागांवरील पर्जन्य व नद्यांतून समुद्रास मिळणारे पाणी यांत ठळक घट झाल्याचे केव्हिन ट्रेनबर्थ व ऐग्वो दाय यांनी २००७ मध्ये दाखविले. सल्फेट कणांच्या पृष्ठावर घडणाऱ्या रासायनिक विक्रियांमुळे क्लोरीन अधिक क्रियाशील होऊन ओझोनचीही हानी झाली. पिकांच्या बाबतीत विखुरलेला प्रकाश पानांच्या खालच्या थरांपर्यंत पोहोचत असल्याने लाभ होईल, अशी अपेक्षा होती. पण एल् चिचोन (१९८२) व पिनातूबो यांच्या नंतरच्या उत्पादनाच्या आकडेवारीवरून २०१८ मध्ये केलेल्या विश्लेषणात प्रकाश घटल्याने होणारे नुकसान थंडाव्याच्या लाभाइतकेच निघाले.

परिणामकारकता : एडवर्ड टेलर व लोवेल वुड यांनी १९९७ मध्ये अशा योजनेचा हिरिरीने पुरस्कार केला. तिच्यातील प्रादेशिक विषमता उघड करावी, या उद्देशाने बाला गोविंदसामी व केन कॅल्डेरा यांनी प्रतिकृतीत सौर प्रारण १·८ टक्क्यांनी घटवून पाहिले. २००० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष त्यांच्याच अपेक्षेविरुद्ध होता : कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट असतानाही बहुतेक प्रदेशांचे तापमान मूळ स्थितीच्या बरेच जवळ आले. गोविंदसामी यांनी पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत हे संशोधन चालू ठेवले. त्यांनी व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पर्जन्याविषयीचा मूलभूत मुद्दा स्पष्ट केला. सूर्यप्रकाशातील घट भूपृष्ठावरील बाष्पीभवनावर थेट परिणाम करते. त्यामुळे तापमान पूर्ववत केले, तर पाऊस पूर्वीपेक्षा कमी होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. अनेक संस्थांनी मिळून केलेल्या पुढील तुलनात्मक प्रयोगांत, कार्बन डाय-ऑक्साइड चौपट करून तापमान सौर प्रारणातील घटीने सावरले असता, जागतिक पर्जन्यात ४ ते ५ टक्के घट आढळली.

मॉन्सूनचा प्रश्न याहून नाजूक आहे. उन्हाळ्यात भूमी समुद्रापेक्षा अधिक तापते, हा मॉन्सूनच्या कारणांपैकी एक भाग. सूर्यप्रकाश कमी झाला, तर हा तापमानभेद घटतो. अ‍ॅलन रोबॉक व सहकाऱ्यांच्या २००८ मधील प्रतिकृतीत आशिया व आफ्रिका येथील उन्हाळी मॉन्सूनचा पाऊस घटला. भारतात वर्षाच्या पावसापैकी सु. तीन-चतुर्थांश पाऊस नैर्ऋत्य मॉन्सूनचा असतो आणि महाराष्ट्रातील लागवडीखालील क्षेत्राचा मोठा भाग सर्वस्वी त्यावर विसंबून आहे. तेव्हा काही टक्क्यांची घटही येथे क्षुल्लक ठरत नाही. उलट पक्षी, तापमानवाढीखालील मॉन्सूनही पूर्वीचा राहिलेला नाही. मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सु. तिप्पट झाल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखविले. म्हणून तुलना गतकाळाशी न करता अनियंत्रित तापमानवाढीशी केली पाहिजे, हा समर्थकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही.

कण कोठे सोडावयाचे, यावरही बरेच अवलंबून आहे. केवळ उत्तर गोलार्धात ते सोडल्यास उष्ण कटिबंधातील पर्जन्यपट्टा दक्षिणेकडे सरकतो व आफ्रिकेतील साहेल प्रदेशात अवर्षण पडते. दक्षिण गोलार्धात सोडल्यास साहेलमध्ये पाऊस वाढतो, असे जिम हेवूड व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखविले. याचा अर्थ असा की, एकाच्या सोयीचा निर्णय दुसऱ्याचा दुष्काळ ठरू शकतो. दोन्ही गोलार्धांत अनेक अक्षांशांवर प्रमाणशीर फवारणी केल्यास हा दोष बराच कमी होतो, असे अलीकडील प्रतिकृतींवरून दिसते; अर्थात त्यासाठी अनेक दशके अखंड चालणारी यंत्रणा लागेल.

हा खंडच सर्वांत धोक्याचा होय. कण एक-दोन वर्षांत नाहीसे होतात, तर कार्बन डाय-ऑक्साइडचा मोठा अंश शतकानुशतके राहतो. युद्धामुळे वा आर्थिक संकटामुळे फवारणी एकाएकी थांबली, तर दडपलेली तापमानवाढ दहा-वीस वर्षांत उसळेल. तो वेग वनस्पती, प्राणी व शेती यांना पेलणारा नाही. शिवाय समुद्राची वाढती अम्लता या उपायाने थांबत नाही.

शास्त्रीय व राजकीय वाद : हा विषय दीर्घकाळ जवळपास निषिद्ध मानला जाई. ओझोनविषयक संशोधनाबद्दल १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे पाउल क्रुट्झन यांनी २००६ मध्ये एक निबंध लिहून तो चर्चेत आणला. उत्सर्जन घटविणे हाच खरा उपाय आहे, असे सांगून त्यासंबंधीच्या प्रयत्नांबद्दल त्यांनी निराशा व्यक्त केली. हवेचे प्रदूषण कमी केल्याने खालच्या थरातील सल्फेट कण घटतात व झाकलेली तापमानवाढ उघडी पडते, हा पेचही त्यांनी पुढे मांडला. जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा २०२० मध्ये ३·५ टक्क्यांवरून ०·५ टक्क्यांवर आणल्यानंतर या पेचाची प्रत्यक्ष चर्चा होऊ लागली.

प्रत्यक्ष प्रयोग फारच थोडे झाले. रशियात यूरी इझ्राएल यांनी २००९ मध्ये हेलिकॉप्टर व मोटारगाडीतून धूर सोडून लहान चाचणी घेतली. ब्रिटनमध्ये फुग्याला जोडलेल्या नळीतून केवळ पाणी फवारण्याचा नियोजित प्रयोग विरोध व एकस्वासंबंधीचा (पेटंट) वाद यांमुळे २०१२ मध्ये रद्द झाला. हार्व्हर्ड विद्यापीठाची स्वीडनमधील फुग्याची चाचणी तेथील सामी लोकांच्या आक्षेपानंतर २०२१ मध्ये थांबली व २०२४ मध्ये ती योजनाच गुंडाळण्यात आली. एका खाजगी अमेरिकन कंपनीने मेक्सिकोतून गंधकयुक्त फुगे सोडल्याचे उघड होताच त्या देशाने जानेवारी २०२३ मध्ये अशा प्रयोगांवर बंदी घालण्याचे जाहीर केले. ब्रिटिश शासनाच्या एका संस्थेने २०२५ मध्ये सु. ५·७ कोटी पौंडांचा संशोधन-कार्यक्रम हाती घेतला. त्याच वर्षी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याने असे प्रयोग कायद्याने निषिद्ध ठरविले.

खर्चाची बाब सर्वांत अस्वस्थ करणारी आहे. सु. २० किमी. उंचीवर भार नेणारी खास विमाने बांधून पहिल्या पंधरा वर्षांत फवारणीचा सरासरी वार्षिक खर्च सु. २·२५ अब्ज डॉलर येईल, असा अंदाज वेक स्मिथ व गेर्नोट वॅग्नर यांनी २०१८ मध्ये केला. अनेक देशांना ही रक्कम एकेकट्याने परवडणारी आहे. व्हिएटनाम युद्धात अमेरिकेने केलेल्या कृत्रिम पर्जन्याच्या प्रयत्नांनंतर १९७७ मध्ये पर्यावरणात फेरबदल करून त्याचा शस्त्र म्हणून वापर करण्यास मनाई करणारा आंतरराष्ट्रीय करार झाला व १९७८ मध्ये तो अंमलात आला. परंतु शांततेच्या हेतूने केलेल्या फेरबदलांना तो लागू होत नाही. जैवविविधता कराराच्या सदस्यांनी २०१० मध्ये नागोया येथे संयमाचे आवाहन करणारा ठराव केला. तो बंधनकारक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेपुढे स्वित्झर्लंडने २०१९ व २०२४ मध्ये आणलेले प्रस्ताव एकमताअभावी मागे घ्यावे लागले. दुसऱ्या खेपेस आफ्रिकी देशांचा आग्रह अशा उपायांचा वापरच न करण्याच्या भूमिकेवर होता.